वाटेवर नसलेल्या बारवा

एका विद्यापीठात एकदा एक संशोधक विद्यार्थी होता. बुद्धीने तल्लख, कामाला वाघ, पण स्वभावाने भारी भिडस्त. जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, व्यापारी मार्गांच्या कडेनेच बांधल्या गेल्या, हे त्याला प्रबंधात सिद्ध करायचे होते. मुदत संपत आली होती. या सत्रात मुख्य प्रकरण मान्य झाले नाही, तर नोंदणी रद्द होणार आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरणार होते.

प्रकरण घेऊन तो आपल्या वृद्ध मार्गदर्शकांकडे गेला. सरांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, "यात तू अडलास कुठे?"

"कुठेच नाही, सर."

"मग घेऊन जा परत."

विद्यार्थी चक्रावला. चूक दाखवली असती तर सुधारली असती. इथे चूकच सांगत नाहीत, आता करायचे तरी काय? त्याने भाषा घासूनपुसून लख्ख केली, तळटीपा वाढवल्या आणि पुन्हा गेला. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. बिचाऱ्याचे डोकेच चालेना. सरांचा आपल्यावर राग आहे, की आपली कुवतच नाही हे त्यांना तोंडावर सांगवत नाही? अखेर सगळे सोडून द्यायचे ठरवून तो त्यांच्या दारात उभा राहिला.

"सर, माझ्याने हे होणार नाही."

"का रे?"

तेव्हा त्याचा बांध फुटला. "डोंगरापलीकडच्या काही बारवा कुठल्याच मार्गावर नाहीत. माझं म्हणणं तिथे कोसळतं. म्हणून मी त्या घेतल्याच नाहीत. तुम्हाला काय वाटेल, याची भीती वाटली."

सर चक्क खुलले. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. "हं, दाखव बघू नकाशावर."

विद्यार्थी आणखीच गोंधळला. "पण सर, सगळं चुकलंच ना?"

"अरे, जे जमलंय त्यात माझं काय काम? वैद्याकडे कोणी धडधाकट हात दाखवायला जातं का? तू दुखरा हात पाठीमागे लपवून येत होतास, आणि औषध मिळेना म्हणून कष्टी होत होतास. सगळ्या बारवा इतक्या शहाण्यासारख्या एका वाटेवर बसल्या, तेव्हाच मला शंका आली. नवं शोधणारा अडतोच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुदत वाढवून मागू. आता मागायला कारण तरी आहे."

"मग त्या तिथे का बांधल्या असतील, सर?"

सरांनी नकाशावरच्या त्या एकेका बारवेवर बोट टेकवले. "मला नाही माहीत," ते म्हणाले.

विद्यार्थ्याच्या छातीवरचे ओझे उतरले. जे गुरूलाही ठाऊक नाही, तेच शोधायला आपण इथे आलो होतो, हे त्याला त्या दिवशी कळले.