चांदणीवाले रकाने

“आणि हा रकाना मोकळा सोडला तर?”

“नाही सोडता येत, अप्पा.” शिवकांत हसला. “शेजारी लाल चांदणी आहे ना? चांदणी असली की भरायलाच लागतं.”

“सगळ्यांनाच चांदण्या दिसताहेत.”

“सगळेच भरायला हवेत.”

मठाचे प्रमुख गुरुलिंग अप्पा यांनी नुसती मान हलवली.

शिवकांत या मठातच वाढला. पुढे पुण्यात शिकला, वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत लागला आणि तिथं त्याचं चांगलं नाव झालं. मठाच्या दासोहात, म्हणजे रोजच्या अन्नदानात, जेवून गेलेल्या माणसांच्या आठवणींची वेबसाइट तो बनवून घेऊन आला होता. ही माझी गुरुदक्षिणा, असं पायरी चढतानाच म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला. कामाचा गर्व थोडा असावाच माणसाला. याचा जरा उतू जात होता, इतकंच.

“गावोगावचे सेवेकरी फक्त माहिती भरतील,” तो सांगत होता. “नाव, गाव, वडिलांचं नाव, साल, कोणाच्या ओळखीनं आलात, आणि खाली आठवण. बटण दाबलं की पान आपोआप तयार. कितीही पानं झाली तरी सगळी एका वळणाची. कुठं वेडंवाकडं नाही.”

“सुबक आहे.”

“कंपनीत माझे फॉर्म बघायला दुसऱ्या विभागातले लोक येतात, अप्पा.”

“येणारच.”

शिवकांतनं खूश होऊन आणखी दोन चांदण्या दाखवल्या.

ओसरीच्या कडेला प्रयागाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या गावाहून सकाळीच आल्या होत्या. लहानपणी त्या या मठात जेवल्या होत्या, ती आठवण त्यांना लिहून हवी होती. शिवकांतनं आदरानं समोर बसवून विचारायला सुरुवात केली होती.

“साल कोणतं, मावशी?”

“दुष्काळाचं.”

“कोणाच्या ओळखीनं आला होतात?”

“भुकेच्या.”

पुढची आठवण बाईंनी भडाभडा सांगितली, त्यानं ती भराभर टिपली, आणि बटण दाबल्यावर लाल अक्षरं उमटली. साल अंकात हवं होतं. ओळखीच्या जागी माणसाचं नाव हवं होतं. आठवण तिथंच अडकून पडली.

“साल आठवलं की परत या,” शिवकांत त्यांना म्हणाला होता.

आता बाई उठल्या.

“आता या वयात काय आठवणार, लेकरा. त्या दिवसाचं अन्न अजून अंगात हाय, एवढंच सांगायचं होतं. येते मी.”

“जेवून जावा, माय,” अप्पा म्हणाले.

खरं तर शिवकांतला तेव्हाच चुटपुट लागायला हवी होती. पण तो लॅपटॉपकडे बघत होता.

घंटा झाली. पंगत मांडायला शिवकांतच उठला.

या मठाची एक रीत आहे. जेवढी माणसं, त्याहून एक पत्रावळ जास्त मांडायची. कोणी आलं तर त्याची, नाही आलं तर गाईची. शिवकांतनं सगळ्यांच्या पत्रावळी मांडल्या, आणि शेवटी ती एक मांडली. कोणी सांगायची गरज पडली नाही. हाताला सवयच होती.

अप्पा बघत होते.

जेवणं झाल्यावर ते ओसरीवर येऊन बसले.

“शिवकांत, एक आठवण तू भर. तू इथं आलास त्या दिवसाची.”

“माझी?” त्याचा चेहरा उजळला. “पहिलं पान माझं?”

“तुझं. पण त्या दिवशी तुला जे सांगता आलं असतं, तेवढंच लिही.”

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. पहिला रकाना नावाचा होता.

बोटं थांबली…

बाजाराच्या गर्दीत हरवलेलं की मुद्दाम सोडलेलं, कोणालाच कळलं नाही, असं एक पोर भर उन्हात मठात शिरलं होतं आणि मोकळ्या पत्रावळीपुढे जाऊन बसलं होतं. पंगतीत त्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर होती. ते बोलत नव्हतं. शिवकांत हे नाव अप्पांनी नंतर ठेवलं.

त्यानं नाव मोकळं सोडलं. गावही सोडलं.

वडिलांच्या नावापाशी तो बराच वेळ थांबला, मग तेही सोडलं.

आठवणीच्या रकान्यात मात्र लिहिलं: ‘हुग्गी गरम होती. कोणीतरी फुंकर घालून भरवली.’

आणि बटण दाबलं.

मोकळे रकाने सगळे लाल झाले.

“काय म्हणतं?” अप्पांनी विचारलं.

“पुढे जात नाही.” त्यानं लॅपटॉप अप्पांकडे वळवला. “अप्पा… मला घेत नाही.”

अप्पांनी दाराकडे पाहिलं.

प्रयागाबाई चपला घालत होत्या. शिवकांत अनवाणीच धावला आणि त्यांची पिशवी हातातून काढून घेतली.

“थांबा, मावशी. चूक माझी आहे. जरा थांबा.”

त्यानं एकेक चांदणी काढली, सालाला अंकाची आणि ओळखीला नावाची अटही काढली. जो रकाना मोकळा, त्याची ओळच पानावर दिसू नये, अशी दुरुस्ती केली. मग बाईंना शेजारी बसवलं. सालाच्या जागी ‘दुष्काळाचं’ लिहिलं आणि ओळखीच्या जागी ‘भुकेच्या’. बटण दाबलं, आणि बाईंचं पान उभं राहिलं. त्यानं ते वाचून दाखवलं. बाईंनी पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला.

शिवकांतनं अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

“मी आलो तेव्हा तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत, अप्पा. नाव नाही, गाव नाही… जातही नाही. का नाही विचारलंत?”

अप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“विचारायचं काय? पत्रावळ मांडलेली होती.”