येतो येतो म्हणणारा शब्द

“मग हा शब्द वापरायचा कधी?” दौलतशाबाबांनी विचारलं.

प्राध्यापक दस्तगीर खुलला. लहानपणी कब्रस्तानालगतच्या याच तकियात, फकिराच्या या मठीत, बाबांच्या पायाशी बसून तो अक्षरं शिकला होता. आता एखादा अवघड इंग्रजी शब्द सापडला की बाबांना ऐकवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. आजचा शब्द होता ‘व्हेलीइटी’.

मनात इच्छा तर असते, त्याने समजावलं, पण माणसाला जागचं उठवण्याइतकी नसते. तसल्या इच्छेचं हे नाव.

“वाक्यात घालून दाखव.”

“एखाद्याला कविता लिहावीशी वाटते, पण तो कधी लेखणी उचलत नाही.”

“हे पुस्तकातलं झालं. तुझं सांग.”

दस्तगीरने नजर दाराबाहेर वळवली…

त्याची थोरली बहीण, आपा, गेल्याच महिन्यात वारली. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. सबंध हिवाळा ती इथे गावात अंथरुणाला खिळून होती, तो तिकडे शहरात. त्याला जावंसं रोज वाटे. फोनवर तो दर वेळी ‘येतो’ म्हणे. पोचला तो थेट दफनाला. आता हा शब्द सापडल्यावर त्याला जरा हायसं वाटलं होतं. आपल्या दुखण्याला इंग्रजांनीही नाव ठेवलंय, म्हणजे आपण काही जगावेगळे नाही.

यातलं काहीच तो बोलला नाही. उन्हातून चालत आला होता, म्हणून त्याने पाणी मागितलं.

माठ बाबांच्या हाताशीच होता.

“तुला पाणी द्यावं असं लई वाटतंय बघ,” बाबा म्हणाले, आणि तसबीहचे मणी ओढत बसून राहिले.

दस्तगीर हसला. मग त्याचं हसू ओसरलं. घसा कोरडा पडला होता.

“बाबा… तहान लागलीय.”

“वाटतंय रं. मनापासनं वाटतंय.”

बाबा जागचे हलले नाहीत.

दस्तगीरने मान खाली घातली. दाराकडे तोंड करून पडलेली आपा त्याला आत्ता दिसली. तो रडू लागला, लहानपणी रडायचा तसा.

तेव्हा बाबा उठले. तांब्या भरून त्यांनी त्याच्या हातात दिला. त्याने तो ओठांपर्यंत नेला, पण त्याच्याने पिववेना.

“बाबा, मग माझी माया खोटी होती का?”

बाबांनी भिंतीपलीकडे, आपाला पुरलं होतं त्या कब्रस्तानाकडे पाहिलं…

“खरी व्हती. खोटी असती, तर पोरगी इतके दिस दाराकडं बघत पडली नसती.”