टिटवीचे मौन

बालमित्रांनो, डोळ्यांदेखत घडलेला अन्याय न पाहिल्यासारखे करणे, याला तुम्ही शहाणपण म्हणाल की पाप? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठच्या मोकळ्या रानात, वनातली पिले रोज संध्याकाळी चेंडू खेळत. सुगरणीने गवताचा विणून दिलेला तो चेंडू फक्त पायाने मारायचा असे. टिटवी पंच होती. ती ओरडली की खेळ थांबे, आणि ज्याने आगळीक केली असेल त्याला त्या संध्याकाळी बाहेर बसावे लागे.

पिलांमध्ये एक चपळ पाडस होते आणि गव्याचे एक आडदांड वासरू होते. पाडस चेंडू घेऊन पुढे निघाले की वासराला ते सहन होत नसे. एके दिवशी त्याने चेंडू सोडून पाडसाच्या पायावरच लाथ मारली.

"काय रे काडीपहिलवान, आधी पोटभर दूध पिऊन ये!" वासरू हसले.

"टिटवीमावशी, त्याने चेंडूला नाही, मला लाथ मारली!" पाडस कळवळून म्हणाले.

टिटवीने ते स्वच्छ पाहिले होते. परंतु तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये होती. चरायला येणारा गव्यांचा कळप त्या जागेला वळसा घालून जात असे. वासराला बाहेर काढले आणि कळप रागावला, तर? टिटवीने ओरडण्यासाठी उघडलेली चोच मिटली. "खेळात लागायचेच. ऊठ, धाव," एवढेच ती म्हणाली.

मग वासराला कोण अडवणार? लाथा वाढल्या. अखेर एका संध्याकाळी पाडसाचा पाय मोडला.

तरीही ते रोज लंगडत येई आणि करंजाखाली बसून खेळ पाही. चेंडू उसळला की त्याचे कान टवकारत आणि पुढचा खूर आपोआप हले. "घरी चल, बाळा," आई म्हणे. "थोडे थांब ना गं, आता चेंडू इकडे येईल," ते म्हणे. एकदा चेंडू खरोखरच घरंगळत त्याच्यापाशी आला. ते हरखून उठले, त्याने पाय उचलला, आणि ते कोसळले.

"आला मोठा खेळाडू! तीन पायांचा!" वासरू खिदळले, आणि चेंडू घेण्याच्या निमित्ताने त्याने पडलेल्या पाडसाला पुन्हा लाथ हाणली.

टिटवी ओरडली. खेळ थांबला.

"बाहेर हो," ती वासराला म्हणाली.

"आज? इतके दिवस तर बोलली नाहीस! मला वाटले, असे चालते," वासरू गोंधळून म्हणाले. मग त्याने शिंगे उगारली. "आणि तुझी अंडी कुठे आहेत, ते आमच्या कळपाला ठाऊक आहे."

"अंडी देवाच्या हवाली. न्याय मात्र त्याने माझ्या हवाली केला आहे, आणि मी तो चोचीत दाबून ठेवला. पहिल्या लाथेलाच ओरडले असते, तर तुझी एक संध्याकाळ गेली असती आणि याचा पाय राहिला असता. आता पाडस ज्या दिवशी पुन्हा धावेल, त्या दिवशी तू मैदानात ये."

टिटवी शिंगांना बधली नाही, तेव्हा वासरू मान खाली घालून करंजाखाली, पाडसाशेजारी जाऊन बसले. समोर चेंडू उसळत होता. रोज ते हळूच विचारी, "आज धावता येईल का रे?" पाडस नकारार्थी मान हलवी. पाय सरळ झालाच नाही. ऋतू सरले. वासराची शिंगे वाढली, सवंगडी मोठे होऊन आपापल्या कळपांत निघून गेले, आणि त्या चेंडूला त्याचा पाय पुन्हा कधीही लागला नाही.

तात्पर्य : पहिल्या लाथेला दंड न करणारा पंच पुढच्या प्रत्येक लाथेचा वाटेकरी असतो; वेळेवरचा लहान दंड मारणारा आणि मार खाणारा, दोघांनाही वाचवतो.