ऑदिलने न पाहिलेला डोंगर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि आपल्या मुलखातली नव्हे. तिकडे दूर कॅरिबियन समुद्रात एक बेट आहे. बेटावर एक डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी मासेमारांचं गाव. त्या गावात ऑदिल नावाची एक चित्रकार बाई राहायची. सगळे तिला तांत ऑदिल म्हणत. तिकडे मावशीला तांत म्हणतात.

बाई चित्रं किती काढायची ते विचारूच नका. पत्र्यावर, फळीवर, फाटक्या शिडावर, हाती लागेल त्यावर. आणि काढायची काय, तर डोंगर. रोज सकाळी एक. तिचा डोंगर भिंतीवर नाही असं एक घर गावात नव्हतं. असं म्हणतात, खऱ्या डोंगरावर होती त्याहून जास्त झाडं तिच्या हाताने रंगवली होती.

आता हात एवढा बसल्यावर डोळ्यांना काय काम? बाई मान खाली घालूनच रंगवू लागली. वर बघायचं तिने सोडूनच दिलं. हसू नका, रोजच्या वाटेवर तुम्ही तरी कुठे बघता!

एका सकाळी कुंचल्याचा केस ओल्या रंगात चिकटला. तो काढायला तिने पत्रा उजेडाकडे धरला, आणि पत्र्याच्या वरून डोंगर दिसला. पत्र्यावरचा डोंगर हिरवागार, शांत. समोरचा एका कुशीला फुगलेला, माथ्याखाली भली मोठी भेग, भेगेभोवती झाडं जळून काळी पडलेली. हे काही एका रात्रीत झालेलं नव्हतं. किती महिने हे चाललं असेल, आणि आपण त्यावर रोज हिरवा रंग फासत बसलो! तिला रडू कोसळलं.

ती धावत फिलोमेनकडे गेली. फिलोमेन तिची पाठची बहीण, तिचा जीव की प्राण. डोंगर आग ओकणार, आत्ताच्या आत्ता होडीत बस, बेट सोड, असं ऑदिल विनवू लागली. फिलोमेनने भिंतीकडे बोट केलं.

"अगं, हा बघ तुझाच डोंगर. परवाच दिलास ना? कुठाय भेग?"

दारोदार तेच. जो तो भिंतीकडे बोट दाखवी, आणि बाईला म्हातारचळ लागला म्हणे. असं म्हणतात, अंगणात येऊन बघितलं तरी लोकांच्या डोळ्यांना भिंतीवरचाच डोंगर दिसे. तिकडे विहिरीचं पाणी कढत होऊ लागलं, साप डोंगर सोडून वाळूवर उतरले. तरी कुणी हललं नाही. ऑदिलची पाचावर धारण बसली.

मग तिने चावडीसमोर पत्रा मांडला. डोळे डोंगरावर ठेवून रंगवायला लागली, आणि काय सांगू, हाताने आपला जुनाच हिरवा डोंगर उतरवला. एकदा नाही, तीनदा. तेव्हा तिने डोक्याचा रुमाल सोडला, उजवा हात पाठीशी करकचून बांधून घेतला आणि कुंचला डाव्या हातात धरला. डाव्या हाताला काहीच ठाऊक नव्हतं. प्रत्येक रेघेला वर बघावं लागे. चित्र वेडंवाकडं झालं, पण त्यात भेग आली, फुगलेली कूस आली.

फिलोमेनने चित्राकडे बघितलं, मग डोंगराकडे बघितलं.

"ऑदिल, हा असा कधी झाला गं?"

"मी बघत नव्हते तेव्हा," ऑदिल म्हणाली.

मग एकच पळापळ झाली. गाव होड्यांत चढलं. फिलोमेनने हात पुढे केला, पण ऑदिल किनाऱ्यावरच उभी राहिली, डोंगराकडे तोंड करून. आता नजर काढली की तो फुटेल, अशी धास्ती तिच्या मनात बसली होती. पापणीसुद्धा ती लवू देत नव्हती. असं म्हणतात, ती बघत होती तोवर डोंगराने श्वास रोखून धरला. फिलोमेन हाका मारमारून थकली. शेवटची होडी खडकांपलीकडे गेली, तेव्हा म्हणे ऑदिलने डोळे मिटले. पुढचं त्या गावचं कुणी सांगत नाही.

ती माणसं समोरच्या बेटावर राहिली. तिथून तो डोंगर अजून दिसतो. आजही सकाळचा पहिला घास घेण्याआधी घरातलं कुणीतरी बाहेर येतं, डोंगर नीट न्याहाळतं, आणि काल नव्हती अशी एक गोष्ट मोठ्याने सांगतं. सापडेपर्यंत सगळं घर उपाशी. एकदा सापडली, की लहानथोर सगळे समुद्राकडे तोंड करून म्हणतात,

"तांत ऑदिल, आज बघितला गं."