साळूचं उजेडाचं घर

डोंगर नुकते उभे राहिले होते, त्या काळची ही गोष्ट. साळू नावाच्या साळिंदरीचा जोडीदार वणव्यात गेला. जुन्या बिळात जिकडे वळावं तिकडे त्याची आठवण दबा धरून बसलेली असे. म्हणून साळूनं ते बीळ सोडलं आणि उघड्या माळावर नवं घर बांधलं. त्याला ना कोपरा, ना कोनाडा. भिंतीही विरळ काटक्यांच्या, चहूकडून उजेड आत यावा अशा.

सगळं रान घर बघायला आलं. "काय मोकळं घर आहे गं!" असं कौतुक करून ससे गेले, मोर गेले. मग साळू त्या उजेडात एकटीच बसून राही. तिला झोप लागेना, की कुणापाशी शब्द फुटेना.

एके दिवशी म्हातारा खवलूमामा आला. तो जातीचा खवलेमांजर. घरभर हिंडून त्यानं विचारलं, "साळू, घर छानच आहे. पण यात रडायला कुठे बसतेस?"

"रडायचं नाही म्हणून तर हे बांधलं, मामा," साळू म्हणाली.

मामानं तिथंच जमीन उकरायला घेतली. खाली दोघांपुरती काळोखी खोली झाली. साळू भीत भीत आत शिरली. मामा तिच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही असा, वेटोळं करून बसला.

मग साळूनं, वणव्यानंतर पहिल्यांदाच, जोडीदाराचं नाव घेतलं.

"हं," अंधारातून मामा म्हणाला, "कसा होता गं तो?"