पेव बुजवणाऱ्याची भाकरी

वेशीच्या आत चिंचेखाली हा जो दगड दिसतो ना, त्याच्याखाली पेव आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. गावात पेवं अजून भरतात, पण यात कुणी ज्वारीचा दाणा टाकत नाही. भूक लागली असेल तरी जरा टेका, पाव्हणं. आज गाव अजून जेवायचं थांबलंय.

फार पूर्वी, असं सांगतात, लुटारूंची टोळी येतेय अशी बातमी आली. ज्वारी नुकतीच अवकाळी पावसात भिजलेली. वाळवायला सवड कुठली? शिद्राम पाटलाने ती तशीच या पेवात ओतली आणि स्वतःच्या हाताने तोंड बुजवलं. टोळीने मग गावाला वेढाच घातला. घराघरातलं धान्य सरलं तेव्हा पेव उघडलं, तर आतून कुबट वाफ आली. दाण्यांवर हिरवी-काळी बुरशी चढलेली.

बाहेर तलवारी आणि आत ही ज्वारी. लोक म्हणाले, धुऊ, वाळवू, भाजून घेऊ. धुतली तशी ज्वारी स्वच्छ दिसू लागली, वासही गेला. घरोघर चुली पेटल्या. पाटलाची बायको निलव्वा तेवढी म्हणाली, "वास गेला, पर आतलं वीख गेलं कशावरनं?"

पाटील म्हणाला, "पेव म्या बुजवलंय. पयली भाकर म्या खातो. दिवं लागंपातुर कुणी तोंडाला लावू नका."

चावडीवर बसून, सगळ्या उपाशी गावासमोर त्याने भाकरी खाल्ली. चांगली लागली म्हणे. दुपार कलली तसे हातपाय कापू लागले, उलट्या थांबेनात. दिवे लागले तेव्हा पाटील गेला होता. घरोघरच्या भाकरी उकिरड्यावर गेल्या.

तरी भूक माणसाला गप्प बसू देते का? लोक पुन्हा पेवाकडे वळले. तेव्हा निलव्वाने हा दगड तोंडावर लोटला आणि त्यावर बसली. तिची लेक पदर धरून भाकरी मागत होती, पण ती हलली नाही. मला पाटलापेक्षा तिचंच जास्त वाईट वाटतं. वेढा उठेपर्यंत गाव चिंचेच्या पाल्यावर जगलं.

आजही पेव उघडलं की पहिली भाकरी ते बुजवणाऱ्यानेच खायची आणि गावाने दिवे लागेपर्यंत थांबायचं. आज सकाळी आमचं पेव उघडलंय. वास नाही, दाणाही स्वच्छ दिसतो. धुतल्यावर त्यांचाही तसाच दिसला होता. यंदा पेव मी बुजवलं होतं, आणि भाकरी मघाशीच खाल्ली. बसा, दिवे लागायला अजून वेळ आहे.