कपाटातला नवा फिल्टर

यंत्रमागांच्या एका गावात बाळगोंडा मगदूम नावाचे गृहस्थ राहत. नवी वस्तू घरात आली की ती वापरायची नाही, कपाटात ठेवायची, हा त्यांचा नेम. नव्या चादरी कपाटात, नवे कप कपाटात, आणि अंगात मात्र भोकं पडलेली बनियन. त्यांची बायको पद्मावती या नेमाला पुरती विटली होती.

त्या गावच्या हवेत कायम सुताची बारीक धूळ. मगदुमांच्या गाडीचा एसी लावला की ओल्या पोत्यासारखा कुबट वास यायचा. गॅरेजवाल्याने सांगितलं, "डॅशबोर्डच्या खणामागं हवा गाळणारा कागदी फिल्टर असतोय. तो बदला. घरच्या घरी हुतंय." पद्मावतीने लगेच नवा फिल्टर मागवला. त्रिशला, त्यांची एकुलती लेक, पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात तिला याच गाडीतून माहेरी आणायचं होतं, आणि तिला हल्ली साधा फोडणीचा वासही सोसत नव्हता.

बाळगोंडांनी खण रिकामा केला, दोन्ही बाजूंनी दाबून खाली ओढला आणि मागची झडप उघडून जुना फिल्टर बाहेर काढला. त्यावर धुळीची राखाडी गोधडीच बसली होती. इथवर सगळं ठीक झालं. मग त्यांनी तो भिंतीवर आपटला, कपड्यांच्या साबणाने धुतला आणि नीट वाळायच्या आतच परत जागेवर बसवला. नवा गेला कपाटात.

पद्मावतीने कपाळावर हात मारला. "अहो, कागदाचा हाय तो! कुणी धुतंय का त्याला?"

"चांगला हाय की अजून. नवा पुढं कधीतरी उपयोगाला येईल."

ओल्या कागदाला बुरशी आली. वास कमी व्हायचा तो वाढला. मग या गृहस्थांनी गाडीत कापूर ठेवला, अत्तराची बाटली टांगली, मोगऱ्याची उदबत्ती फिरवली. पण कपाटाला काही हात लावला नाही! अशा माणसापुढे किती डोकं फोडावं?

ठरल्या दिवशी दोघं लेकीला आणायला गेली. ओटी भरून त्रिशला गाडीत बसली. गाव सुटतं न सुटतं तोच ती कळवळून म्हणाली, "आप्पा, गाडी थांबवा. मळमळतंय मला." काचा उघडल्या. ती पाणी प्याली, पुन्हा बसली, पुन्हा उतरली. शेवटी आईने एसटीला हात केला आणि मायलेकी तिच्यात चढल्या. बाळगोंडा मागून रिकामी गाडी घेऊन आले.

स्टँडवर जो तो विचारू लागला, "दारात गाडी असून पोटुशी लेक एसटीनं?" बाळगोंडांना मान वर करता येईना.

घरी येताच पद्मावतीने कपाट उघडलं, नवा फिल्टर काढला आणि त्याच्यावरचा हवेची दिशा दाखवणारा बाण बघून स्वतःच्या हातांनी गाडीत बसवला. चहा उकळेपर्यंत काम झालंसुद्धा.

बाळगोंडा हळूच म्हणाले, "बरं झालं. आता बाळाला घेऊन सगळे गाडीतनंच जाऊ."

"जाऊ की," पद्मावती म्हणाली. "पण लेक पहिल्या बाळंतपणाला आज माहेरी आली, ती घरची गाडी सोडून एसटीतनं. हा दिवस आता कुठल्या कपाटातनं काढून देणार तुम्ही?"

तात्पर्य: वेळेला वापरली नाही, तर जपलेली वस्तू तेवढी उरते आणि वेळ हातची निघून जाते.